एउलोहियाचे कपडे

बायको एउलोहिया गेल्याचं कळलं तेव्हा सातुर्निनो शेतावर दंव खाल्लेले बटाटे सुकवण्यासाठी पायांनी तुडवून पाणी काढत होता. मंगळवार होता. दुकानदारीण फोन हातात घेऊन चढ चढून आली. तिच्या तोंडाकडे पाहूनच तो समजला.

बुधवारी साडू मेलितोनला घेऊन तो खाली कुस्को शहरात उतरला. एउलोहियाला तिथल्याच दफनभूमीत ठेवलं. वर गावात न्यायचं तर गाडी परवडणारी नव्हती. तिचे कपडे तेवढे न्यायचे होते. माणूस गेलं की पाचव्या दिवशी त्याच्या अंगावरचे कपडे साडूने वाहत्या नदीत धुवायचे. त्यातला घाम पाण्याबरोबर गेला की जीव सुटतो. नाहीतर तो मेला तिथेच घुटमळतो.

ती मेली ते घर सान ब्लासच्या चढावर होतं. खाली इंकांचे घट्ट बसवलेले दगड, वर स्पॅनिश लोकांची पांढरी माडी, निळा सज्जा. सहा वर्षं ती तिथे पाहुण्यांचा स्वयंपाक करत होती. यंदाचे बटाटे सुकले की कायमची परत येणार होती.

मालकीण दोन्या सोराइदाने घडी घातलेल्या कपड्यांचं गाठोडं पुढे केलं.

"सगळं धुऊन ठेवलंय हो. गरम पाण्यात, दोनदा. एक डाग नाही राहिला."

सातुर्निनोने घागरा नाकाशी धरला. फुलांच्या साबणाचा वास आला.

"कुणी धुतलं?"

"मशीनने."

"घ्या," मेलितोन पुटपुटला, "आता मशीनलाच साडू म्हणायचं."

"बाई, न धुतलेलं काही असेल," सातुर्निनो म्हणाला. "ॲप्रन? मोजे? उशीचा अभ्रा?"

"नवी स्वयंपाकीण आजच आली ना त्या खोलीत. सगळं धुवावंच लागलं." तिचा चेहरा पडला. "माझं काही चुकलं का?"

"नाही बाई. तुम्ही चांगलंच केलंत."

टोपी? ती, मेल्यावर तिला नेलं त्या दवाखान्यातच राहिली, असं बाई म्हणाली. ते तिथे गेले. दारावरच्या माणसाने सांगितलं, बेवारस सामान त्याच दिवशी जाळतात.

"बेवारस कसं?" सातुर्निनो म्हणाला. "मी आहे की."

"तेव्हा नव्हतात, मामा."

गावाकडच्या बसमध्ये मेलितोन म्हणाला, "साडू, मी धुतो पुन्हा. नदीला काय कळतंय?"

"घाम कुठला आणशील?"

मेलितोनने गाठोडं मांडीवर ओढलं. म्हणाला, "तुझा चालला असता तर डोंगरभर मिळाला असता." सातुर्निनो हसला नाही. ती आता परक्याच्या चुलीपाशी उभी असेल, कुणी जेवायलाही न विचारता, एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

शनिवारी पाचवा दिवस होता. नातलग नदीवर जमले, मक्याची दारू प्यायले, घरी गेले. गाठोडं सोडलंच नाही.

एउलोहियाचे कपडे नदीत धुवायचे राहिले.