रीतानं बदललेली खोली

कारंज्याच्या बाजारात चांदमल शेठच्या कापड दुकानाच्या वर दोन खोल्यांचं समुपदेशन केंद्र आहे. एका खोलीत शेठची मुलगी अपूर्वा बसते, दुसरीत तिची एमएपासूनची मैत्रीण सुकेशनी. दोघींचं जमायचं, सिद्धांत तेवढे जमायचे नाहीत.

अपूर्वा म्हणायची, नार्सिसिस्ट, म्हणजे स्वतःच्याच मोठेपणात रमलेल्या माणसाच्या बढाईखाली राग आणि असूया दडलेली असते, ती त्याला दाखवावीच लागते. बॉर्डरलाइन, म्हणजे भावना सारख्या टोकाला जाणारा माणूस सगळ्यांना देव नाही तर राक्षस ठरवतो, तेही त्याच्यापुढं मांडावं लागतं.

"बढाईखाली कोणी कौतुकानं न पाह्यलेलं लेकरू असते," सुकेशनी म्हणायची. "आन बॉर्डरलाइनवाल्याले एकटं पडायचं भेव असते. आधी ते समजून घे, मंग दाखव काय दाखवायचं ते."

धनजला पार्लर चालवणारी रीता आधी अपूर्वाकडं यायची. "मॅडम, तुमच्यासारखं कोनीच नाही," म्हणायची. अपूर्वाला ते गोड लागायचं. एकदा तिनं विचारलं, "मागच्या हप्त्यात तुझी मैत्रीण देवी होती, आज डाकीण कशी झाली?" रीता तडक उठली आणि सुकेशनीच्या खोलीत गेली. ती तिकडचीच झाली.

भिंतीपलीकडून रीता-सुकेशनीचं हसणं ऐकू आलं की अपूर्वाचं समोरच्या माणसावरून लक्ष उडायचं.

"रीता सुधरून राह्यली," एकदा सुकेशनी म्हणाली.

"सुधरून नाही, तुले फुगवून राह्यली."

सुकेशनी उठून आपल्या खोलीत गेली.

पुढं सुकेशनी बहिणीच्या लग्नाला आसेगावला गेली आणि रीता अपूर्वाच्या दारात उभी राहिली. "त्या मॅडम काही कामाच्या नाहीत. मले गरज होती तवा फोन बंद! तुमीच खऱ्या."

अपूर्वाला गार वाटलं. "आणखी काय करते ती?" तिनं विचारलं, आणि स्वतःच्याच आवाजानं दचकली. हे समुपदेशन नव्हतं, चहाडी होती. असूया दाखवावीच लागते म्हणणारीच्या पोटात तीच बसली होती. पण आज तसं कोणी तोंडावर म्हटलेलं तिला सोसलं नसतं. बाबांनी कधी वर येऊन तिचं काम पाहिलं नव्हतं, हे कोणी समजून घ्यावं असं वाटलं.

"सुकेशनी तुझ्यावर रागावून नाही गेली," ती रीताला म्हणाली. "घरी लग्न आहे. सोमवारी येईल."

"म्हंजे तुमीबी मले हाकलून राह्यल्या?"

एरवी अपूर्वानं तिचा शब्द धरला असता. आज ती खुर्ची जवळ ओढून म्हणाली, "लय एकटं वाटलं ना?"

रीता बराच वेळ रडली. मग डोळे पुसत म्हणाली, "त्या मॅडम वाईट नाहीत तशा. फोनचाच राग आलता मले."

सोमवारी रीता सुकेशनीकडं गेली. ती गेल्यावर सुकेशनी चहा घेऊन आली. "तुह्याकडं आली होती म्हणे. ठेवून काहून नाही घेतली?"

"घेणार होती," अपूर्वा म्हणाली. "मले तुहा हेवा वाटते, सुकेशनी. महिनाभर झाला."

"दिसत होतं. मंग कोन्त्या सिद्धांतानं बोलू? तुह्या का माह्या?"

"तुह्याच," अपूर्वा म्हणाली. तेवढं कबूल करतानाही तिला जरा लागलंच.