भिंतीतले बिनभाड्याचे

जर्मनीतल्या वीसबाडेनमधल्या एका चार मजली घराच्या नव्याकोऱ्या भिंतीला अकरा भोकं पडली होती, आणि घरमालक डीफेनबाख गावभर सांगत सुटला होता की गेर्लिंड होर्नुंगने काम वाईट केलं. गेर्लिंड हाडाची गवंडी. गाडीवर अजून बापाचंच नाव. थंडी अडवायला भिंतीवर फोमचा जाड थर आणि वर गिलावा, सगळं तिने स्वतःच्या हाताने केलं होतं. नाव गेलं तर मग राहिलं काय?

"सुतारपक्षी चोची मारतो आणि शहरात मोकाट वाढलेले पोपट ते भोक कोरून आत संसार थाटतात," ती घसा फोडून सांगत होती.

"पोपट चेरी खातात बाई, भिंती नाही. नाचता येईना अंगण वाकडं," डीफेनबाख म्हणाला, आणि तेही भरल्या बैठकीत, सगळ्या भाडेकरूंसमोर. गेर्लिंडच्या अंगाचा तिळपापड झाला.

एप्रिलातल्या एका शनिवारी त्याने तिला भिंत दाखवायला बोलावलं. खिडक्याखिडक्यांत माणसं जमली. डीफेनबाखची स्वारी स्वतःच शिडीवर चढली आणि एका भोकाची कड खरवडू लागली. "बघा, बिस्किटासारखा भुगा होतोय."

"कड काय बघता साहेब? आत हात घाला," गेर्लिंड खालून म्हणाली. पाच मिनिटांपूर्वी त्याच भोकात हिरवी शेपटी शिरताना तिने पाहिली होती. सांगायला हवं होतं का? हवं होतं. नाही सांगितलं.

त्याने बोट घातलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. आतल्या मादीने ते असं धरलं की शिडी हलली. मग लाल चोच बाहेर आली आणि तिने त्याला जे सुनावलं ते अख्ख्या गल्लीने ऐकलं. बाकीच्या भोकांतूनही हिरवी डोकी डोकावली.

डीफेनबाख बोटाला रुमाल गुंडाळत उतरला. "आजच्या आज बुजवा ती भोकं."

"आत अंडी असणार. पिल्लं उडेपर्यंत कोणी हात लावायचा नाही. मग बुजवते, आणि त्यांना लाकडी घरटी टांगते. पण आधी सांगा, माझं काम कसं होतं?"

"चांगलं होतं," तो पुटपुटला.

गेर्लिंडला आभाळ ठेंगणं झालं. तिने तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीतल्या म्हाताऱ्या भाडेकरणीकडे पाहिलं. "ट्राउडेलआजी, ऐकू आलं का?"

"छे गं. एक अक्षर नाही."

गेर्लिंड हाताची घडी घालून उभी राहिली. डीफेनबाखने घसा खाकरला, मान वर केली आणि सगळ्या खिडक्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "होर्नुंगबाईंचं काम चोख आहे. चुकलो मी."