केजच्या पाट्याला विचारा, पुण्यात कुठं जेवावं

मी एक जुना पाटा आहे. काळ्या दगडाचा, मसाला वाटायचा. पुण्यातल्या एका मोठ्या हॉटेलच्या दारात मी सात वर्षं उभा होतो. त्यामुळे मित्रांनो, त्या शहरात कुठं जेवावं आणि कुठं मुळीच जेवू नये, हे मला पक्कं ठाऊक आहे. माझं ऐकून एका माणसाची गिऱ्हाइकं तुटली तर तुटू देत. तेवढ्यासाठीच तर सांगतोय.

मांजरसुंब्याच्या डोंगरातला दगड फोडून एका पाथरवटानं मला घडवलं. युसूफ वडगावच्या बाजारात वत्सलाबाईनं माझ्यावर हात फिरवला आणि मला घेतलं. बहात्तरच्या दुष्काळात ती रस्त्याच्या कामावर खडी फोडत होती. सरकारी सुकडीचा कोरडा भुगा खाऊन तिथल्या बायांच्या तोंडाची चव गेली होती. "एकदा पाऊस पडू द्या, आपण लोकांला नीट जेवू घालू," असं ती म्हणाली, आणि पुढच्याच वर्षी सात जणींनी मिळून केजच्या एस.टी. स्टँडामागं सहकारी खानावळ काढली.

काय दिवस होते ते! धान्य, डाळी आणि मसाले भाजून दळले की येसर होतं. त्याच्या आमटीत माझ्यावर वाटलेलं लसूण-खोबरं पडलं, की वास थेट स्टँडावर जायचा. कंडक्टर गाडीतूनच ओरडायचा, "वीस मिनटं थांबतोय! वत्सलाबाईकडं जेवा. दुसरीकडं जेवून पोट बिघडलं तर माझ्याकडं येऊ नका!" दर काही महिन्यांनी टाकी लावणारी बाई यायची आणि छिन्नीनं माझ्या अंगावर बारीक खाचा पाडायची. दुखायचं हो. पण खाचा नसल्या तर पाटा कसला, नुसती फरशी.

चाळीस-बेचाळीस वर्षं अशी गेली. मग पुन्हा मोठा दुष्काळ पडला. टँकर पंधरा दिवसांनी यायचा. भांडी विसळायला पाणी नाही म्हणून खानावळीला कुलूप लागलं. अशात गावच्या सोसायटीच्या चेअरमनचा मुलगा राधाकिशन पुण्याहून आला. तोंडात साखर घेऊनच आला.

"काकू, पुण्यात आपल्याकडच्या जेवणाचं प्रदर्शन हाय. आठ दिवस पाटा द्या."

"ने बाबा. पण थांब, वरवंटा शेजारी बारशाला गेलाय. घेऊन येते."

आमच्याकडे बारशाला बाळाआधी वरवंट्याला कुंची घालून पाळण्यात निजवतात. पण राधाकिशनला घाई. "राहू द्या काकू, पाटा आसला म्हंजी झालं!" असं म्हणून त्यानं मला जीपमध्ये टाकलं. वरवंट्याशिवाय पाटा नेणारा माणूस काय डोंबल वाटणार होता? मलाच तेव्हा कळायला हवं होतं.

प्रदर्शन-बिदर्शन काही नव्हतं, आणि आठ दिवसांची सात वर्षं झाली; वत्सलाबाईनं फोनवर विचारलं, की "पुढच्या महिन्यात आणतो काकू" म्हणायचा. त्यानं हॉटेल काढलं आणि पाटीवर नाव घातलं, 'वत्सलाबाईची खानावळ'. नावाखाली नऊवारीतल्या कुण्या भलत्याच बाईचा फोटो. मला घासून गुळगुळीत केलं, वर तीनदा वारनिश फासलं, शेजारी सिमेंटचा वरवंटा ठेवला. लोक माझ्याजवळ बसून फोटो काढायचे, आणि आत मसाला पाकिटातून पडायचा. कुणी विचारलं, "येसर आहे का?" की वेटर म्हणायचा, "येस सर!" आणि पिवळी डाळ आणून ठेवायचा. माझा जळफळाट व्हायचा. पण दगड करणार काय?

तिथला आचारी बिभीषण केजकडचाच. ऊसतोड सोडून पुण्यात आलेला. तो स्वतः तिथं घासही खायचा नाही. मार्केट यार्डामागच्या गल्लीत सरस्वतीबाईची पत्र्याची टपरी आहे, तिथं तो बाजरीची भाकरी आणि ठेचा खायचा. लिहून घ्या, ही माझी पहिली शिफारस. दुसरी अशी, की जिथं रिक्षावाले दुपारी रांग लावतात तिथं डोळे मिटून बसा. आणि जिथला आचारी बाहेर जाऊन जेवतो, तिथं पाणीसुद्धा पिऊ नका.

इकडे केजला एका कंडक्टरनं वत्सलाबाईला विचारलं, "काकू, पुण्यात तुमच्या हॉटेलात जेवलो. लई बेचव! एवढं कमावलेलं नाव कावून घालवलं?" म्हातारी रात्रभर तळमळली म्हणे. सात जणींनी आयुष्यभर जपलेलं नाव, अन् ते असं मातीत! सकाळी तिनं वरवंटा पिशवीत घातला, जोडीदारीण सारजाबाईला घेतलं आणि पुण्याची गाडी धरली.

रविवारची दुपार. हॉटेल गच्च भरलेलं. दोघी बसल्या.

"येसर हाय का?"

"येस सर!" वेटर म्हणाला आणि पिवळी डाळ आली.

"सर न्हाई रे बाबा, मी बाई हाय," वत्सलाबाई म्हणाली. तिनं एक घोट घेतला आणि वाटी खाली ठेवली. तेवढ्यात राधाकिशन धावत आला. "काकू! तुमी कवा आलात?"

"माझ्या नावानं लोकांला हे घालतो व्हय रे?"

लोक वळून बघू लागले, तसा त्यानं आवाज चढवला, "मंडळी, याच पाट्यावर रोज वाटण होतं आपलं!"

"मग वाटून दाव की." तिनं पिशवीतून वरवंटा काढला. बिभीषणनं न सांगता मला दारातून आत आणून आडवं केलं आणि वर लसूण-खोबरं ठेवलं. समोर दहा मोबाईल उभे. राधाकिशनला मांडी घालावीच लागली.

त्यानं वरवंटा ओढला आणि मी घसरलो. होय, मुद्दाम घसरलो! लसणाच्या पाकळ्या उडाल्या, त्याचं बोट चेंगरलं, तो बोंबलला. पुन्हा जोर लावला तसं वारनिशचे पोपडे सुटले आणि खोबऱ्यात मिसळले. वत्सलाबाईनं तो गोळा उचलून त्याच्या तोंडापुढं धरला.

"खा. रोजचंच हाय ना?"

त्यानं तोंड फिरवलं. आधी एक टेबल उठलं, मग दुसरं, मग रांगच बाहेर पडली. मला इतकं बरं वाटलं, काय सांगू!

"पाटा नेते मी," वत्सलाबाई म्हणाली.

"न्या की. उचलतोय का बघा दोघींला," तो बोट चोखत म्हणाला.

बिभीषणनं अ‍ॅप्रन काढून राधाकिशनच्या मांडीवर टाकला आणि मला खांद्यावर घेतलं. "आजी, गाडी किती वाजता हाय?"

आता केजला बाजाराच्या दिवशी खानावळ पुन्हा उघडते. परत आल्यावर टाकीचे घाव सोसले तेव्हा मी हसत होतो. राधाकिशननं पाटी बदलली, पण दारात नवा पाटा उभा केलाय म्हणे. त्याला मी क्षमा केलेली नाही, करणारही नाही.

म्हणून मित्रांनो, कष्टाच्या वस्तूला शोभेसाठी बांधून ठेवू नका, तिला वापरा आणि जपा. आणि शहरात हॉटेलच्या दारात पाटा दिसला, तर त्यावर बोट फिरवा. खरखर लागली तर आत जाऊन पोटभर जेवा. बोट सर्रकन घसरलं तर तसेच मागे फिरा, आणि रांगेतल्या लोकांना ऐकू जाईल असं मोठ्यानं सांगा, की केजच्या पाट्यानं निरोप दिलाय.