टूलबारमधला दिवा

मी तिरसट आहे. माझं काम कुणी तपासायला लागलं की माझं डोकं फिरतं. जे झालं ते त्यामुळेच, हे आधीच कबूल करते.

कारखान्यातल्या टाक्यांमधली हवा विषारी झाली की कंट्रोल रूमच्या कॉम्प्युटरवर कळावं, असं आमचं एक जुनं ॲप होतं. साहेब म्हणाले, इशारा ॲपच्या खिडकीच्या वरच्या पट्टीत, टूलबारमध्येच हवा, कायम डोळ्यांसमोर. मी त्या जुन्या टूलबारमध्ये नव्या पद्धतीचा दिवा बसवला. या पद्धतीत दिवा स्क्रीनवर कसा रंगवायचा ते कॉम्प्युटरला सांगत बसावं लागत नाही. हवा चांगली तर हिरवा, वाईट तर लाल आणि शेजारी 'माणसं बाहेर काढा', एवढंच लिहायचं. बाकी कॉम्प्युटर बघतो. दिवा चांगला लांबरुंद केला. शेजारच्या टेबलावरचा खवचट सहकारी म्हणाला, "नाकापेक्षा मोती जड झालाय बाई. खिडकी लहान करून बघितलीस का?"

"हातच्या कांकणाला आरसा कशाला?" मी फटकारलं. माझ्या मोठ्या स्क्रीनवर तो झकास दिसत होता.

ताईचा नवरा, आमचे भावजी, त्याच कारखान्यात टाक्या साफ करायला आत उतरतात. ते घरी येईपर्यंत ताईचा जीव टांगणीला. "आता तुझा दिवा आहे ना," ती परवा म्हणाली, "हल्ली मी दुपारी झोपते."

आठवड्याने, दुपारी दोनच्या सुमारास, मी कंट्रोल रूममध्ये गेले. खरं तर कौतुक ऐकायलाच गेले होते.

"तुमचा दिवा फार गुणी हो!" ऑपरेटरकाका म्हणाले. "एकदाही लाल झाला नाही. तो जुना भोंगा उठसूट कोकलायचा. टाकला बंद करून."

मी स्क्रीनकडे बघितलं. अर्ध्या भागात काकांची शिफ्टची नोंदवही, उरलेल्या अर्ध्यात आमची खिडकी, दाबून बसवलेली. टूलबारमध्ये दिवा नव्हताच. टोकाला फक्त दोन बारीक बाण होते. टूलबारमध्ये जे मावत नाही ते कॉम्प्युटर त्या बाणांमागे ढकलतो.

"काका, दिवा कुठाय?"

"दिसत नाही म्हणजे सगळं ठीक, असंच ना?"

मी माऊस ओढून घेतला. बाणांवर क्लिक केलं. एक ओळ उघडली, कोरी. त्या जागी माझा दिवा उमटतच नव्हता.

"आत्ता टाकीत कोण आहे?"

"तुमचे भावजीच की. दीडला उतरलेत."

मी खिडकीची कड धरून ओढली. घाईत ती दोनदा सुटली. टूलबार रुंद झाला आणि दिवा निमूट आपल्या जागी येऊन बसला. लाल. शेजारी मीच लिहिलेलं वाक्य, आणि खाली मीच हौसेने घातलेली वेळ: वीस मिनिटांपासून.

दिव्याने मी सांगितलं तेच केलं होतं. जागा नसेल तर काय करायचं, ते मी सांगितलंच नव्हतं.

काकांनी भोंगा सुरू केला आणि ते इंटरकॉमवर भावजींना हाका मारू लागले. पलीकडून नुसती खरखर. कंट्रोल रूमच्या काचेबाहेर माणसं टाकीकडे धावत होती. मला रडूही येईना. मी घड्याळ बघितलं. दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. ताई झोपली असेल.