आईच्या नावाचा रकाना

अर्जदाराचे संपूर्ण नाव: सरुपा रोकाया

इथवर सोपं होतं. सरुपाने नाव लिहिलं आणि पेनाचं टोपण दातांत धरलं. अकरावी विज्ञान, वसतिगृहासह, चार पानी अर्ज. काठमांडूच्या या कॉलेजात ‘उज्यालो बालिका गृहा’च्या पाच मुलींना जागा मिळाल्या होत्या आणि त्या कशा मिळाल्या हे फाटकावरच्या रखवालदारालाही ठाऊक होतं.

“तू ती ना, तळ्याकाठची?” त्याने मघाशी विचारलं होतं. “आमच्या घरी सगळे रडले बघ. माझी बायको तर दोनदा.”

“हो, मीच,” सरुपा म्हणाली होती.

वडिलांचे नाव: कै. मानबीर रोकाया

हेही खरं. हिमाचलात रस्त्याच्या कामावर दरड कोसळली तेव्हा सरुपा सहा वर्षांची होती.

आईचे नाव:

फाइलीप्रमाणे लिही, असं गृहातल्या मामुने बजावलं होतं. सरुपाने रकाना ओलांडला.

कायमचा पत्ता: जिल्हा कालिकोट, कर्णाली

नवरा गेल्यावर दीड वर्षाने आमाने, म्हणजे आईने, नदीपलीकडच्या गावात दुसरं घर केलं. तिकडे अशी बाई पोर बरोबर नेत नाही. पोर बापाच्या कुळाचं. सरुपा काकाकडे राहिली. काकाने एक हिवाळा पोसली, मग वॉर्ड कार्यालयातून कागद आणला. मुलीचे आई-वडील दोघेही मयत, खाली सही-शिक्का.

“जित्या बाईला मारलंत?” काकी म्हणाली.

“कागदावर. कागदाने कुणी मरत नाही. एक जण जिवंत असला तर गृहवाले घेत नाहीत पोरीला.”

बस सुटायच्या वेळी आमा नदी उतरून आली होती. फडक्यात अक्रोड बांधून आणले होते. “कुणी विचारलं तर मी नाही, समजलं?” ती म्हणाली. “मी मेलेय, तू शीक.” आणि वर हसली. मग आठ वर्षं, दोन-तीन महिन्यांतून एकदा, कुठल्यातरी दुकानदाराच्या फोनवरून ती मेलेली बाई विचारायची, जेवलीस का?

शुल्क कोण भरणार: इलिशा तुलाधर निधी

इलिशा सोळा वर्षांची. सरुपापेक्षा दोन महिन्यांनी मोठी, म्हणून सरुपाने तिला दिदी म्हणायचं असं ठरलं. ठरवलं मामुने. मामु म्हणजे गृहाच्या संचालिका रोहिणी अधिकारी. गृहात पाऊल ठेवलं की पहिल्याच दिवशी प्रत्येक मुलीला आईसाठीचा हा शब्द शिकवला जाई.

इलिशाने स्वतः गृहाला पत्र लिहिलं होतं. अनाथ मुलींच्या शिक्षणासाठी मी गोसाइँकुंडाच्या पवित्र तळ्यावरचं शिखर चढेन, लोकांनी मीटरमागे जमेल तेवढं द्यावं. तिच्या पत्रात खोट नव्हती. वर्षभर ती पाठीवर विटांची पिशवी घेऊन स्वयंभू स्तूपाच्या पायऱ्या चढली होती. गृहातली एक मुलगी तळ्यापर्यंत सोबत असावी, एवढीच तिची मागणी होती. पहाडातली म्हणून सरुपाची निवड झाली.

धुन्चे गावाहून चढ लागला तसा इलिशाचा श्वास फुलला. सरुपा पुढे जाऊन दगडावर बसायची.

“तू मुद्दाम करतेस,” इलिशा धापा टाकत म्हणाली.

“नाही दिदी. आमच्याकडे शाळाच एवढी वर असते.”

“मग तूच चढ ना शिखर.”

“माझ्या चढण्याचे कोण पैसे देतंय?”

इलिशा इतकी हसली की तिला खोकला आला. कॅमेरावाला विवेक, ज्याला सगळे दाइ म्हणजे दादा म्हणत, ओरडला, “हे परत करा, मी लेन्स बदलत होतो.” परत केलं. परत केल्यावर ते हसण्यासारखं राहिलं नाही.

यापूर्वी मिळालेली पारितोषिके:

रिकामं.

अर्जदाराविषयी थोडक्यात (पन्नास शब्दांत):

मामुसकट सगळे तळ्याकाठी पोचले ती संध्याकाळ. पाण्याच्या कडेला अजून बर्फ होता. लॉजमध्ये शेकोटीशी बसून विवेक दाइ मामुला फोनचा पडदा दाखवत होता. लोक बघतात, हृदय पाठवतात, पैसे पाठवत नाहीत.

“अनाथ आहे हे दिसत नाहीये,” तो म्हणाला. “मुलगी टुणटुणीत आहे. पुढे पळते, हसते. नुवाकोटहून एक कुटुंब आलंय, त्यांच्याबरोबर पुरोहित आहे. उद्या सकाळी त्यांचं श्राद्ध झालं की हिलाही पांढरी शाल देऊन काठावर बसवू. आईच्या नावाने पाणी सोडेल. दोन मिनिटांचं काम.”

सरुपा बटाटे सोलत होती. हात थांबला. “मामु, पाणी नको. मी दुसरं काहीही करते. रडते.”

“अगं, नुसता अभिनय आहे.”

“पुरोहित खरा आहे.”

मामुने तिला बाहेर नेलं, खांद्यावर हात ठेवला आणि आवाज न चढवता सांगितलं, “विज्ञानाची जागा तुझ्या एकटीची नाही. तुझ्यामागे चौघी आहेत. निधी पुरा नाही झाला तर पाचही जणी शिवणवर्गाला जातील. मला काही नाही, मशिनी पडूनच आहेत. तू ठरव.”

सकाळी पुरोहित आला. म्हातारा, कानटोपीतला, नाक गळत असलेला. सगळे त्याला बाजे, म्हणजे आजोबा, म्हणत होते. त्याने कॅमेऱ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

“कोण गेलं?”

“आई,” मामु म्हणाली. “आठ वर्षं झाली.”

“क्रिया कुणी केली?”

“कुणी नाही बाजे. अनाथ आहे.”

“आठ वर्षं?” त्याचा चेहरा उतरला. त्याला खरंच वाईट वाटलं. “बिचारी तशीच भटकत असेल. बरं झालं आणलीत. गोत्र?”

सरुपाने मान हलवली. बाजे म्हणाला, “माहीत नसेल तर कश्यप धरू. आईचं नाव सांग, पोरी.”

सरुपाने पांढरी शाल घट्ट ओढून घेतली. तिने काकीच्या शेळीचं नाव सांगितलं. “फूलमती.”

बाजेने जव आणि तीळ ओंजळीत घेतले. तेवढ्यात मामुने पिशवीतून फाइल काढली. मामु नेटकी बाई. कागदाशी काही जुळलं नाही तर तिला चैन पडत नसे. “घाबरलीय हो. जउकली. जउकली रोकाया.”

“नीट सांगावं,” बाजे सरुपाला म्हणाला. “चुकीच्या नावाने टाकलेलं पोचत नाही.”

हात झटकून उठता आलं असतं. सरुपाने मागे पाहिलं. दगडावर इलिशा बसली होती, दोन्ही हात तोंडावर, डोळ्यांत पाणी. सरुपाने ओंजळ पुढे केली. तीन वेळा नाव घेतलं गेलं, तीन वेळा पाणी सोडलं गेलं. जवाच्या पिठाचे गोळे तळ्यात गेले आणि लगेच बुडाले.

“आता शोकाचं वर्ष आजपासून,” बाजेने हात पुसत सांगितलं. “आई गेली म्हणजे दूध वर्ज्य. बाप असता तर दही. अंगावर पांढरं.”

“शाळेचा शर्ट पांढराच आहे,” मामु म्हणाली.

विवेक दाइने अंगठा वर केला.

विशेष कौशल्य (गिर्यारोहण, नृत्य इ.):

इलिशा शिखर चढली. खरंच चढली. दुसऱ्या दिवशी दुपारी परतली तेव्हा तिचे ओठ फाटले होते आणि पायाच्या अंगठ्याचं नख काळं पडलं होतं. तोवर पाण्याचा व्हिडिओ सगळीकडे गेला होता आणि निधी भरून वाहत होता. शिखराचे फोटो त्याच्या खाली कुठेतरी लागले.

उतरताना चंदनबारीला मुक्काम. तिथे चौरीगाईंचं, याकच्या संकरातल्या गाईंचं, दूध मिळतं, दाट, पिवळसर. लॉजवालीने सगळ्यांना पेले दिले. सरुपाने पेला उचलला आणि उभ्याउभ्या घटाघटा प्यायली. जीभ भाजली. दुसरा मागितला, तोही प्यायली.

“अरे, अरे,” विवेक दाइ म्हणाला. “हे आत गेलं कॅमेऱ्यात. पहाडातले लोक जीव घेतील माझा. आई मेलीय आणि पोरगी दूध ढोसतेय. बाई, हिला काळा चहा द्या, परत घेऊ.”

काळ्या चहाचं दृश्य घेतलं. मग इलिशा पाय गरम पाण्यात सोडून बसली तेव्हा सरुपा तिच्याजवळ गेली.

“दिदी, माझी आमा आहे.”

“आहेच ना. वरून बघत असणार.”

“वरून नाही. कालिकोटला. तिच्या घरी दोन रेडे आहेत.”

इलिशाने पाय पाण्याबाहेर काढले. काळ्या नखावरून बोट फिरवलं.

“मला आधी का नाही सांगितलंस?”

“कधी सांगू? तू वर होतीस.”

“मी चढलेय, सरुपा. मी विमानाने नाही गेले वर.” तिचा आवाज चिरकला. “आता मी काय म्हणायचं लोकांना? पाच हजार मीटर कशासाठी चढले?”

“तो व्हिडिओ काढून टाक. तुझ्या पानावर आहे. तू सांगितलंस तर काढतील.”

इलिशाने नाही म्हटलं नाही. काठमांडूला गेल्यावर बघते म्हणाली. पाय हळूहळू पुन्हा पाण्यात घातले आणि विचारलं, “बाकीच्या चौघींचं तरी खरं आहे ना?”

सरुपाला ते माहीत नव्हतं. गृहात कुणी कुणाला हे विचारत नसे.

व्हिडिओ राहिला.

आपत्कालीन संपर्क: रोहिणी अधिकारी (मामु)

फोन आला तो जेठ महिना उतरताना. आवाज दुकानदाराच्या फोनमधला, खरखरता.

“जेवलीस का?”

“आमा.”

“थांब, तसं म्हणू नकोस. आधी ऐक. माझ्या सवतीच्या पोराने फोनमध्ये बघितलं. मग गावाने बघितलं. सासूने मला चुलीवरून उठवलं. मी म्हटलं, नाटक आहे ते. पंडित म्हणाला, तीर्थावर, नाव घेऊन, पोटच्या पोरीच्या हातून पाणी पडलं, नाटक कसलं? ही बाई गेली. आता घरात घ्यायची तर पुन्हा जन्मापासून घ्यायची.”

“मी दूध प्यायले,” सरुपा म्हणाली. “लगेच प्यायले. दोन पेले.”

“वेडी ती वेडी.” पलीकडे आमा हसली, बसपाशी हसली होती तशीच. “अकरा दिवस गोठ्यात होते. रेड्यांजवळ ऊब असते, तसं काही वाईट नाही. अकराव्या दिवशी न्हाऊ घातलं, तान्ह्या पोराचं करतात तसं बारसं केलं. कानात नवं नाव सांगितलं. नवरा लाजत होता. त्याला वाटलं, बायको अकरा दिवसांची.”

“नाव काय ठेवलं?”

पलीकडे दुकानात कुणीतरी मिठाचा भाव विचारत होतं.

“ते तुला सांगायचं नाही म्हणतात. त्या बाईचं जे काही होतं ते या घरात यायला नको. हा फोनसुद्धा शेवटचा, तोही चोरून.” मग घाईघाईने, “तुझा तो कागद भरलास का? भर. आता कुणी काही म्हणू शकत नाही. खोटं नाही राहिलं त्यात.”

“आमा, मला शिवण चालली असती.”

“हे तिथे तळ्यावर बोलायचं होतंस,” ती म्हणाली. त्यात राग नव्हता. राग असता तर सरुपाने फोन धरून ठेवला असता.

आईचे नाव: कै. जउकली रोकाया

खिडकीतला कारकून अर्ज चाळत होता. “एक राहिलंय,” त्याने शेवटचं पान उलटं करून सरकवलं. “वसतिगृहाच्या स्वयंपाकघरासाठी लागतं. रात्री सगळ्यांना पेलाभर दूध असतं, आंघोळीला गरम पाणी नाही पण दूध आहे. तर काही चालत नसेल तर आत्ताच लिही. मागाहून कटकट नको.”

सरुपाने पेन घेतलं.

आहाराची पथ्ये असल्यास: दूध नको. आजपासून एक वर्ष.