पडद्याखालच्या ओळी

बाबांना ऐकू येईनासं झालं, तेव्हापासून त्यांच्या घरातला टीव्ही आजूबाजूच्या तीन बिऱ्हाडांना ऐकू जाऊ लागला. बाबा लिफ्टचे मेकॅनिक. उभा जन्म मोटारींच्या घरघरीत गेलेला. केबलवर त्यांचा आवडता कोर्टाचा सिनेमा लागला, की आवाज टिपेला आणि बाबांचं नाक पडद्याला.

त्यांची लेक नर्स होती. तिनं शेवटी केबल बंद केली आणि तो सिनेमा ऑनलाइन विकत घेतला. त्यात संवाद खाली लिहून यायचे. पहिल्याच दिवशी बाबा ताडकन उठले.

"अगं, हा वकील 'माफ करा' म्हणतच नाही! 'साफ करा' म्हणतोय, टेबल! आणि मी इतकी वर्षं ह्याला सज्जन समजत होतो!"

लेक हसून हसून बेजार झाली. त्या महिन्यात बाबांनी तो पाचदा पाहिला.

मग एका रविवारी सिनेमा यादीतून गायब. लेकीनं कंपनीला फोन लावला.

"मॅडम, सिनेमावाल्यांशी आमचा करार संपला. पैसे परत मिळतील."

"अहो, पण मी विकत घेतला होता ना?"

"पाहायची परवानगी घेतली होतीत, मॅडम."

तिनं बाबांना कागदावर लिहून दाखवलं. "केबलच बरी होती," एवढंच म्हणून ते आत जाऊन पडले. तिला ते फार लागलं.

ड्युटी संपली की ती जुन्या डिस्क विकणारी दुकानं पालथी घालू लागली. चौथ्या दुकानात सिनेमा सापडला. खाली संवाद दिसतात की नाही, हे तिनं दुकानदाराला लावून दाखवायला सांगितलं, मगच घेतला. घरी माळ्यावरचा प्लेअर मात्र ढिम्म. बाबांनी स्क्रूड्रायव्हर मागवून झाकण उघडलं.

"पट्टा सैल झालाय. लिफ्टचाच धाकटा भाऊ हा!"

तासाभरात प्लेअर सुरू झाला. केबल तिनं पुन्हा घेतली नाही. एकदा पाहून सोडायचं ते ऑनलाइन, बाबांना हवं ते डिस्कवर, असं तिनं ठरवून टाकलं.

पुढच्या रविवारी बाबांनी वरच्या मजल्यावरच्या निवृत्त पोस्टमास्तरांना बोलावलं. कान त्यांचेही गेलेले. टीव्हीचा आवाज पार बंद करून दोघं मुकाट वाचत बसले. इतक्यात पोस्टमास्तरांनी अशी आरोळी ठोकली, की स्वयंपाकघरात लेक दचकली.

"अहो, थांबवा जरा! माझी ओळ वाचून व्हायचीय!"