टेबलाखालचं सहावं मशीन

आमच्या कॉम्प्युटरच्या प्रयोगशाळेत पाच मशीनं आणि सात माणसं होती. मशीनांचं आपसांत एकमत व्हायला सेकंदाचा तिसरा हिस्सा लागायचा. माणसांना तेवढाही लागत नसे, कारण मत एकट्या सरांनाच होतं. म्हणून पाठीमागे आम्ही त्यांना 'एकमत' म्हणायचो. तोंडावर अर्थात सर, आणि मान खाली.

एकमतांचा शोध असा: एकच नोंद पाचही मशीनांवर ठेवायची. त्यातली कुठलीही दोन बंद पडली तरी उरलेल्या तिघांनी आपसांत ठरवून काम पुढे रेटायचं. "कोणावाचून कोणाचं अडत नाही," हे वाक्य ते प्रत्येक परिषदेत टाळ्यांसाठी थांबून म्हणत. या गृहस्थांच्या सहीशिवाय आमच्याकडे प्रिंटरला कागद मिळत नसे.

चाचणीचा थाटही बघण्यासारखा. एकमत खुर्चीतून म्हणायचे, "तीन नंबर पाडा." मी एक आज्ञा टाइप करायची. तीन नंबर बाकीच्या चौघांचा रीतसर निरोप घेऊन बंद व्हायचं, पडद्यावरची कामाच्या वेगाची रेघ सरळ राहायची आणि सगळे माना डोलवायचे. खरं मशीन असं सांगून-सवरून मरत नाही, हे त्या खोलीत कोणाच्या डोक्यात येत नव्हतं. सहा वर्षं मी त्या नंदीबैलांना मनातल्या मनात हसत होते आणि आज्ञा टाइप करत होते.

माझे बाबा लिफ्टचे मेकॅनिक. नवी लिफ्ट लोकांच्या हवाली करण्याआधी ते तिच्यात वजनं भरतात, वर नेतात आणि भरवेगात खाली सोडून ब्रेक पकडतो का ते बघतात. "जे बंद पडेल अशी भीती आहे, ते आधी आपणच बंद पाडून बघायचं," असं त्यांचं म्हणणं. मग आतल्या कार्डावर सही, मोठ्या अक्षरांत. शाळेत माझी सही गांडुळासारखी होती, ती त्यांनी माझ्याकडून वहीभर गिरवून घेतली होती. "उद्या काही झालं तर कोणाला धरायचं ते कळायला नको?"

माझ्या पीएच.डी.च्या तोंडी परीक्षेच्या आठ दिवस आधी एकमतांना नवं टेबल मंजूर झालं. सुतार आला. जुन्या टेबलाखाली एकमतांचा जुनापुराणा कॉम्प्युटर घरघरत होता, त्याची वायर त्याने सहज उपसली.

पाचही मशीनं थांबली. एकही बंद पडलं नव्हतं, सगळ्यांचे दिवे हिरवेगार होते. नुसती वाट बघत बसली होती.

कारण सापडायला मला दहा मिनिटं लागली. दर दोन सेकंदांनी पाचही जण टेबलाखालच्या त्या म्हाताऱ्याला किती वाजले ते विचारत. उत्तर आलं नाही की गप्प. प्रोग्रॅममधली ती ओळ माझीच होती, पहिल्या वर्षातली. एकमत म्हणाले होते, "सध्या माझ्याकडून वेळ घ्या, नंतर बघू." त्या ओळीच्या वर मी लिहून ठेवलं होतं: 'तात्पुरतं. नंतर काढणे.'

मी एकमतांच्या खोलीत गेले. सुतार स्क्रू पिळत होता.

"सर, आपलं सगळं या एकावर अडतंय."

"मग लावा परत."

"तसं नाही. पाचांची घड्याळं वेगवेगळी केली, तर तो सेकंदाचा तिसरा हिस्सा राहणार नाही. सगळे आकडे पुन्हा काढावे लागतील. वर्ष जाईल."

"कोणाचं वर्ष?" त्यांनी शांतपणे विचारलं. "माझं नाही जाणार."

मग त्यांनी ड्रॉवरमधून चिकटपट्टी काढली, परत खोचलेल्या प्लगवर लावली आणि स्वतःच्या हाताने लिहिलं: 'काढू नये.' इतक्या वर्षांत त्यांनी स्वतः केलेलं हे पहिलं काम.

परीक्षेला घरच्यांना बसता येत असे. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून शेवटच्या रांगेत बसले होते. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी वीस मिनिटं माझ्या संदर्भसूचीतले स्वल्पविराम मोजले आणि प्रश्न संपले म्हणून पाणी प्यायले. एकमत रिवाजाप्रमाणे म्हणाले, "श्रोत्यांपैकी कोणाला काही विचारायचंय?"

बाबांनी हात वर केला.

"मला यातलं कळत नाही," ते उभं राहून म्हणाले. "पण खरीच वायर काढून बघितलीय का?"

एकमत हसले. "काका, इथे वायरी नाही काढत. ते खालच्या मजल्यावर, वर्कशॉपात." परीक्षक हसले. सहाच्या सहा नंदीबैल हसले. बाबा ओशाळून खाली बसायला लागले, आणि बसता बसता त्यांनी माझ्याकडे बघितलं.

मी पण हसत होते.

पदवी मिळाली. बाहेर पडताना बाबा जिन्यावर म्हणाले, "फार येड्यासारखं विचारलं का गं मी?"

"नाही, बाबा. सहा वर्षांत तेवढाच एक बरोबर प्रश्न विचारला गेला."

ते दोन पायऱ्या उतरले आणि थांबले. "मग हसलीस कशाला?"

मी पायऱ्या उतरत राहिले. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. वाटेत त्यांनी आपल्या दुखऱ्या गुडघ्याचा विषय काढला.

दुसऱ्या दिवशी कार्यालयात बांधलेला प्रबंध द्यायचा होता. पहिल्याच पानावर छापलेलं असतं: 'यातला प्रत्येक निष्कर्ष मी स्वतः तपासून पाहिला आहे.' खाली सहीची जागा. लाज वाटत होती. एकमतांची नाही, माझी. कारकून म्हणाला, "मॅडम, पटकन. मागे रांग आहे."

मी पटकन सही केली. कोणाची आहे, ते कोणालाही वाचता येणार नाही.